मशीन घोडीवर टांगण्याआधी गिअर ऑईल बघा; दुधासारखं झालं असेल तर पाणी आत गेलंय

मालवण : मे महिन्याचे शेवटचे दिवस आले की दांडी, वायरी, देवबाग, सर्जेकोट, तळाशील, आचरा, किनाऱ्यावर कुठेही जा, एकच गडबड दिसते. होड्या वर ओढल्या जातात, माडाच्या झापांनी शाकारल्या जातात, जाळी धुऊन सुकवून माळ्यावर चढतात. होडीच्या मागच्या फळीवरचे आऊटबोर्ड मशीन उतरवून दोघांच्या खांद्यावरून घरी येते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. मशीन पडवीत लाकडी घोडीवर टांगले, वर गोणपाट टाकले, की दोन महिने तिकडे कोणी बघत नाही.

मग जुलैचा शेवट येतो, नारळी पौर्णिमेची तयारी सुरू होते आणि सगळ्यांना एकदम मशीन आठवते. मेकॅनिककडे रांग लागते. कोणाचे मशीन सुरू होते पण गिअर पडत नाही, कोणाचे गिअर पडतो पण आत खरखर वाजते. खालचा भाग उघडला की बेअरिंग गंजून लाल झालेले. अशा वेळी दोष बहुतेक वेळा पावसाला दिला जातो. खरा दोष मेमध्ये न उघडलेल्या एका स्क्रूचा असतो.

तो स्क्रू म्हणजे गिअर ऑईलचा. काम अर्ध्या तासाचे, तेल जास्तीत जास्त अर्धा लिटर, हत्यार म्हणजे एक चांगला रुंद पात्याचा स्क्रू ड्रायव्हर. तरी हे काम सर्वांत जास्त टाळले जाते, कारण गिअरबॉक्स पाण्याखाली असतो आणि डोळ्यांना दिसत नाही.

दोन तेलं, दोन कामं

टू-स्ट्रोक मशीन वापरणाऱ्या नवख्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो. पेट्रोलमध्ये आपण ऑईल घालतोच की, मग आणखी कसलं ऑईल?

पेट्रोलमध्ये जाते ते टू-टी ऑईल. ते इंजिनाच्या डोक्यातल्या पिस्टन, रिंग आणि क्रँकच्या बेअरिंगसाठी. पेट्रोलबरोबर आत जाते, आपले काम करते आणि जळून धुरातून बाहेर पडते. बऱ्याच मशीनना हे प्रमाण ५० ला १ असते, म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिली. नवीन मशीनला सुरुवातीचे काही तास यापेक्षा जास्त लागते. प्रत्येक मशीनचा आकडा त्याच्या पुस्तकात असतो, शेजारच्याच्या मशीनचा आपल्याला लावू नये. जाता जाता एक सांगायला हवे, की मोटरसायकलचे टू-टी ऑईल आऊटबोर्डला घालू नये. आऊटबोर्ड पाण्याने थंड होते, त्याच्यासाठी टीसीडब्ल्यू-३ असे लिहिलेले ऑईल मिळते. ते जळल्यावर मागे राख उरत नाही.

गिअर ऑईल वेगळे. ते मशीनच्या अगदी खालच्या टोकाला, पंख्याच्या पुढे जो माशाच्या डोक्यासारखा फुगीर भाग असतो त्याच्यात भरलेले असते. ते जळत नाही, कुठे जात नाही, तिथेच बसून राहते. इंजिनाकडून एक उभा दांडा खाली येतो. त्याच्या टोकाला छोटा दातेरी गिअर असतो. तो पुढच्या आणि मागच्या अशा दोन मोठ्या गिअरांना एकाच वेळी फिरवत असतो. आपण दांडी पुढे ढकलली की मधला एक दातेरी तुकडा सरकून पुढच्या गिअरात अडकतो आणि पंखा फिरू लागतो. मागे ओढली की मागच्या गिअरात. न्यूट्रलला तो मध्ये मोकळा राहतो, पण गिअर मात्र फिरतच असतात. चाळीस हॉर्सपॉवरचा सगळा जोर या मूठभर गिअरांच्या दातांवरून पंख्याकडे जातो. दातावर दात घासताना मध्ये जो तेलाचा पातळ थर असतो, तेवढाच त्यांचा आधार.

म्हणून इथे साधे इंजिन ऑईल चालत नाही. लोक ज्याला '९० नंबर' म्हणतात ते हायपॉइड गिअर ऑईल लागते. त्यातली रसायने जोराच्या दाबाखालीही दातावर थर टिकवून ठेवतात. बाटली उघडल्यावर जो उग्र, गंधकासारखा वास येतो तो त्यांचाच. बऱ्याच कंपन्यांच्या छोट्या-मध्यम मशीनना एसएई ९०, जीएल-४ असे पुस्तकात लिहिलेले असते. काही मशीनना ८०डब्ल्यू-९० जीएल-५ सांगितलेले असते. खास मरिन गिअर ऑईल मिळाले तर उत्तम. त्यात थोडे पाणी शिरले तरी गंज धरू नये अशी सोय असते. ते मिळाले नाही म्हणून काम थांबवायचे कारण नाही, पण पुस्तकातला नंबर सोडून '२०-४० पडलंय घरात, तेच ओत' असे करू नये.

पाणी आत जाते कसे

गिअरबॉक्समधून पंख्याचा दांडा बाहेर येतो. त्या जागी रबरी ऑईल सील असतात. वरून उभा दांडा येतो तिथे, पाण्याच्या पंपाच्या खाली, सील असतात. गिअर बदलणारी सळई जिथून येते तिथेही असतो. आणि तेल भरायच्या-काढायच्या दोन स्क्रूंखाली वॉशर. एवढ्या वाटा. यातली एक जरी सैल झाली तरी समुद्र आत येतो.

बऱ्याच जणांना वाटते की सील गेला तर तेल बाहेर गळेल, पाण्यावर तवंग दिसेल, मग आपल्याला कळेल. तसे होतेही, पण दर वेळी नाही. मशीन तासभर चालले की गिअरबॉक्स तापतो, आतले तेल आणि हवा फुगते. मग मशीन बंद करून आपण जाळे टाकून बसतो. भोवती थंड पाणी. आतला भाग निवतो, आकसतो आणि आत ओढ तयार होते. सील कमजोर असेल तर तो त्या ओढीला थेंबभर पाणी आत देतो. रोज थेंब थेंब. वर काहीच दिसत नाही.

आपल्या किनाऱ्यावर सीलचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे तंगूस. जाळे ओढताना किंवा दुसऱ्याच्या जाळ्यावरून जाताना तंगुसाचा तुकडा पंख्यात येतो. आपण वरवरचा ओढून काढतो, पण बारीक दोरा पंख्याच्या मागे, दांड्याला गुंडाळलेला राहतो. दांडा फिरतो तसा तो घट्ट होत आत सरकतो आणि ब्लेडसारखा सीलची कड कापतो. म्हणून तंगूस अडकल्याचा जरा जरी संशय असेल, तर त्याच दिवशी घरी येऊन पंखा काढून मागे बघितलेच पाहिजे. जे स्कूबा आणि डॉल्फिनच्या होड्या चालवतात त्यांचीही यातून सुटका नाही. किल्ल्याच्या आसपास आणि खाडीच्या तोंडावर तुटके तंगूस तरंगत असतेच.

तारकर्ली, देवबागकडे आणखी एक गोष्ट घडते, ती म्हणजे वाळू. कर्ली खाडीच्या तोंडाशी ओहोटीला उथळ पाण्यात पंखा वाळू ढवळतो. ती वाळू सीलच्या कडेत बसते आणि सील झिजत जातो.

शंभर तास म्हणजे किती दिवस?

पुस्तकात सहसा असे असते: नवीन मशीनला पहिल्या १० तासांनी, नंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. यातले 'सहा महिने' तेवढे लक्षात राहतात. हिशेब करून बघा. रोज चार तास मशीन चालले आणि महिन्यात पंचवीस दिवस समुद्रात गेलात, तर १०० तास एका महिन्यात भरतात. सहा महिन्यांचा आकडा रविवारी हौसेने बोट काढणाऱ्यांसाठी आहे, रोज गिलनेट घेऊन जाणाऱ्यासाठी नाही.

दर महिन्याला तेल बदलणे सगळ्यांना जमेल असे नाही. पण दर महिन्याला *बघणे* जमते, आणि त्याला काही खर्च नाही. मशीन रात्रभर उभे ठेवायचे. सकाळी खालचा स्क्रू फक्त दोन आटे सैल करायचा आणि पहिले चार थेंब बोटावर घ्यायचे. पाणी तेलापेक्षा जड. रात्रभरात ते खाली बसलेले असते, त्यामुळे आधी तेच येते. पाणी आले नाही, तेल स्वच्छ आले, तर स्क्रू परत घट्ट. वर्षातून निदान तीनदा पूर्ण बदल करावा: सीझनच्या मध्ये एकदा, मेअखेर ठेवणीआधी एकदा, आणि सील किंवा गिअर बदलला असेल तर त्यानंतर पहिल्या दहा तासांनी.

यातला मेअखेरचा सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच चुकतो. आपल्याकडे पद्धत उलट आहे. लोक तेल बदलतात ते ऑगस्टला, मशीन होडीवर चढवताना. म्हणजे सीझनभर वापरलेले, खारे पाणी मिसळलेले तेल जून-जुलैचे दोन महिने बेअरिंगला लावून ठेवायचे, आणि बेअरिंग गंजले की वर नवीन तेल ओतायचे. मशीन रोज चालते तेव्हा निदान तेल ढवळले जाऊन सगळीकडे लागते. घोडीवर उभे असताना पाणी खाली बसते आणि जिथे बसते तिथेच लोखंड खाते. तेल बदलायचे तर मशीन ठेवायच्या आधी बदला.

शेतीवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. चिखलणी संपली की पॉवर टिलर तसाच गोठ्याच्या कडेला लावून ठेवला, तर पुढच्या वर्षी त्याच्या गिअरबॉक्सातून काय निघते ते अनेकांनी पाहिले आहे.

प्रत्यक्ष काम

आधी पाच-दहा मिनिटे मशीन गोड्या पाण्यात चालवावे. मोठ्या पिंपात पंखा आणि पाणी ओढायच्या जाळ्या बुडतील एवढे पाणी घ्यायचे. कोरडे मशीन चालवू नये, पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा काही सेकंदांत जळतो. यात दोन कामे होतात: आतले मीठ धुऊन जाते आणि गिअर ऑईल कोमट होऊन पातळ होते. कोमट तेल तळाचा गाळ घेऊन बाहेर येते.

मग मशीन बंद, न्यूट्रल, सेफ्टीची दोरी काढलेली आणि प्लगच्या टोप्याही काढलेल्या. पंखा हाताने फिरवायचा आहे. टू-स्ट्रोक मशीन गरम असताना अर्ध्या फेऱ्यातही ठिणगी धरू शकते. बोटे पंख्यात असताना हे व्हायला नको.

मशीन घोडीवर सरळ उभे हवे, तिरके नको. खाली भांडे ठेवायचे. जुन्या डब्याचे तोंड कापून घेतले तरी चालते, पण ते स्वच्छ आणि कोरडे हवे. भांड्यातच पाणी असेल तर तेलात पाणी होते की नाही हे कसे कळणार?

गिअरबॉक्सच्या बाजूला दोन मोठे स्क्रू दिसतात. एक अगदी खाली, तो तेल काढायचा. दुसरा वर, पाण्यावर धरणाऱ्या आडव्या पत्र्याच्या जवळपास. तो पातळी बघायचा आणि हवा सुटायचा. काही मॉडेलमध्ये खालच्या स्क्रूच्या शेजारीच एक तिसरा स्क्रू असतो. तो गिअर बदलणाऱ्या आतल्या भागाला धरून ठेवतो. तो चुकून काढला तर आतला भाग सुटतो आणि सगळा गिअरबॉक्स खोलावा लागतो. म्हणून आपल्या मशीनचे चित्र पुस्तकात बघून खात्री करूनच स्क्रूला हात लावावा. पुस्तक हरवले असेल तर जाणत्या मेकॅनिकला एकदा विचारून, बरोबर स्क्रूभोवती रंगाची खूण करून ठेवावी.

स्क्रूच्या भोवतालची वाळू आणि शेवाळ ब्रशने आधी साफ करा. वाळूचा एक कण आत गेला तर तो गिअरातच जाणार. खाऱ्या पाण्यामुळे स्टीलचा स्क्रू आणि ॲल्युमिनियमची बॉडी एकमेकांना धरतात. अरुंद पात्याच्या स्क्रू ड्रायव्हरने जोर लावला तर स्क्रूची खाच गुळगुळीत होते आणि पुढे ड्रिल करण्याशिवाय इलाज राहत नाही. पाते खाचेत पूर्ण बसणारे हवे. हलत नसेल तर गंज सोडवणारे तेल मारून तासभर थांबा, मग पात्यावर हातोडीचा एक नेमका ठोका. घाई इथे महाग पडते.

आधी खालचा स्क्रू काढायचा, मग वरचा. वरचा निघेपर्यंत तेल अडखळत येते. वरून हवा मिळाली की धार लागते. पूर्ण रिकामे व्हायला पंधरा-वीस मिनिटे द्या. मध्ये मध्ये पंखा हाताने हळू फिरवा.

निघालेलं तेल वाचा

कामाचा खरा उपयोग इथे आहे. नुसते तेल काढून नवे ओतणारा अर्धेच काम करतो.

तेल मधासारखे किंवा थोडे काळपट, पण पारदर्शक आले तर सगळे ठीक. काळे कुळकुळीत आणि करपलेल्या वासाचे आले तर फार दिवस बदललेले नाही, किंवा तेल कमी पडून गिअर तापले आहेत. अशा वेळी किती तेल निघाले तेही मोजावे. ९.९ किंवा १५ हॉर्सपॉवरच्या मशीनमध्ये साधारण पाव लिटर बसते, ४० हॉर्सपॉवरमध्ये चारशे मिलीच्या वर. भरले तेवढे निघाले नाही, तर ते गेले कुठे हे शोधायलाच हवे.

दुधासारखे, किंवा दूध घातलेल्या चहासारखे तेल आले तर पाणी गेलेय. 'त्याल दुधावानी झाला' असे किनाऱ्यावर म्हणतात ते हेच. गिअरांनी पाणी आणि तेल घुसळून एकजीव केलेले असते, ताक घुसळल्यासारखे. असे तेल दातांवर थर धरत नाही.

खालच्या स्क्रूच्या टोकाला बऱ्याच मशीनमध्ये लोहचुंबक असतो. त्यावर काळी, मऊ, लोण्यासारखी राड असेल तर घाबरायचे काही नाही, ती रोजची झीज. बोटावर चोळल्यावर टोचणारे कण, चकचकीत पापुद्रे किंवा दाताचा तुकडा सापडला तर तेल भरून समुद्रात जाऊ नये. तो गिअरबॉक्स खोलायलाच हवा. नवीन मशीनच्या पहिल्या दहा तासांच्या तेलात थोडी जास्त धातूची पूड येते. ती तेवढ्यासाठीच लवकर काढून टाकायची असते.

दुधाळ तेल आले की बरेच जण नवे तेल भरतात आणि 'बघूया' म्हणतात. त्यात चूक नाही, पण क्रम हवा. आधी दोन्ही स्क्रूंचे वॉशर बघा. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित वस्तू. एकदा दाबलेला वॉशर परत तसाच बसत नाही, म्हणून दर वेळी नवा घालायचा. टेफ्लॉनची पट्टी, एम-सील, सायकलच्या ट्यूबचे कापलेले वर्तुळ हे उपाय किनाऱ्यावर सर्रास दिसतात. वॉशर काही रुपयांत मिळतो. त्याच्या बदली ट्यूब लावून हजारो रुपयांचा गिअर सेट पणाला लावण्यात काय हशील?

मग पंखा काढा. मधली पिन सरळ करून काढायची, नट सोडायचा, पंखा मागे ओढायचा. दांड्याला तंगूस गुंडाळलेले दिसले तर एकेक पेड सोडवून काढा. सुरी सीलच्या दिशेने चालवू नका. सीलच्या कडेने तेल पाझरलेले दिसते का बघा. परत बसवताना दांड्याच्या खाचांना पाण्यात टिकणारे ग्रीस लावा आणि पिन नवी घाला.

वॉशर नवे घालून, नवे तेल भरून दोन-तीन फेऱ्या केल्यावर परत चार थेंब बघायचे. स्वच्छ आले तर दोष वॉशरचा होता. पुन्हा दुधाळ आले तर सील. सील बदलणे मात्र घरच्या हत्यारांचे काम नाही. दांडा आणि बेअरिंगचे घर नीट ओढून काढायला पुलर लागतो, आणि चांगला मेकॅनिक सील बदलल्यावर रिकाम्या गिअरबॉक्सात हातपंपाने थोडी हवा भरून, दाब टिकतो की नाही हे मीटरवर बघून, साबणाचे पाणी लावून बुडबुडे तपासून देतो. ही तपासणी करून मागा. ती न करता मशीन परत मिळाले तर सील बसला की नाही हे समुद्रातच कळते.

भरायचं खालून

नवे तेल वरून ओतायचे नाही. हे ऐकून नवखा माणूस हसतो, पण कारण साधे आहे. तेल घट्ट असते आणि आत गिअर, बेअरिंग, कोपरे भरपूर. वरून ओतले तर मध्ये हवा अडकते, वरच्या भोकातून तेल दिसते आणि आपल्याला वाटते भरले. चालवले की हवा वर येते आणि पातळी खाली जाते. वरचे बेअरिंग कोरडे राहते.

म्हणून खालच्या भोकातून, नळी घट्ट दाबून, तेल वर चढवायचे. काही बाटल्या दाबायच्या ट्यूबसारख्या येतात, नाही तर बाटलीवर लावायचा छोटा हातपंप मिळतो. हळूहळू दाबत राहायचे. वरच्या भोकातून आधी हवा, मग फेस, मग बुडबुड्यांशिवाय स्वच्छ तेल येऊ लागले की थांबायचे. आता क्रम लक्षात ठेवा: नळी खाली तशीच धरून आधी वरचा स्क्रू नव्या वॉशरसह बसवायचा. वरची हवा बंद झाली की खालून तेल पटकन पडत नाही. मग नळी काढून लगेच खालचा स्क्रू. चार थेंब सांडतील तेवढेच. उलट क्रमाने केले तर अर्धे तेल वाळूत जाते.

स्क्रू घट्ट करताना जोर दाखवू नका. बॉडी ॲल्युमिनियमची, आटे मऊ. वॉशर दाबला गेला, स्क्रू थांबला, त्यापुढे थोडासा पीळ पुरे.

भरलेल्या तेलाचे माप लिहून ठेवा. पुढच्या वेळी निघालेले तेल त्याच्याशी ताडता येते.

घरातली आरएक्स

हेच तत्त्व टू-स्ट्रोक मोटरसायकललाही लागते, आणि गावागावांत अजून धावणाऱ्या यामाहा आरएक्स १०० बद्दल तर मुद्दाम सांगावे लागते. १९८५ ते १९९६ या काळात बनलेल्या या गाड्या आज पोरे हौसेने पॉलिश करून ठेवतात, टाकीत टू-टी ऑईल न चुकता घालतात, पण गिअरबॉक्सातही वेगळे तेल असते हे अनेकांच्या गावी नसते. शर्यतीच्या टू-स्ट्रोक डर्ट बाईकचीही रचना अशीच असते, फक्त तिथे तेल काही तासांच्या हिशेबाने बदलतात.

फरक असा, की मोटरसायकलमध्ये गिअरबरोबर क्लचच्या प्लेटही त्याच तेलात बुडालेल्या असतात. त्यामुळे आऊटबोर्डचे उरलेले ९० नंबर आरएक्समध्ये ओतू नये. जाड तेलाने प्लेट एकमेकींना चिकटतात, क्लच दाबला तरी गाडी पुढे ओढते, सकाळी पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज येतो. तिला ओल्या क्लचसाठी असलेले, पुस्तकात दिलेल्या नंबरचे पातळ ऑईल लागते. साधारण सहाशे ते साडेसहाशे मिली बसते. गाडी थोडी चालवून, सरळ उभी करून, खालचा बोल्ट काढून तेल काढायचे, बोल्ट लावायचा आणि उजव्या कव्हरच्या वरच्या झाकणातून भरायचे. इथे वरूनच.

निघालेले तेल इथेही मोजा. गाडी बाहेर कुठे गळत नाही, पण सहाशेच्या जागी चारशेच मिली निघाले आणि सायलेन्सरमधून पांढरट दाट धूर येत असेल, तर क्लचच्या बाजूचा क्रँकचा सील गेला आहे. टू-स्ट्रोक इंजिन खालच्या पेटीतून हवा-पेट्रोल ओढते. सील फाटला की त्याबरोबर गिअर ऑईलही ओढून जाळते. अशा गाडीचे कार्ब्युरेटर साफ करून, टू-टी कमी करून धूर थांबत नाही, उलट ऑईल कमी केल्याने पिस्टन जाम होण्याची भीती. धुराचे कारण पेट्रोलच्या टाकीत शोधणाऱ्याने आधी गिअर ऑईल मोजावे.

जुन्या तेलाचं काय करायचं

काढलेले तेल खाडीत, गटारात किंवा पुळणीवर ओतायचे नाही. मालवणच्या समुद्राचा २९.१२ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, हा एक मुद्दा. त्याहून जवळचा मुद्दा म्हणजे ज्या खाडीत बायका ओहोटीला कालवे आणि तिसऱ्या काढतात, तिथेच हे तेल जाते. कालव पाणी गाळून जगते, पाण्यात असेल ते अंगात घेते. वापरलेले तेल हे २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांतही मोडते.

कुंपणाच्या खांबांना आणि गोठ्याच्या वाशांना जुने तेल फासायची पद्धत आहे. गिअर ऑईल, त्यातही खारे पाणी मिसळलेले, त्यासाठीही वापरू नये. गुरे खांब चाटतात. झाकणाच्या कॅनमध्ये साठवून, मोठ्या गॅरेजवाल्याकडे द्यावे. त्यांच्याकडून जुने तेल उचलणारे येतात. वाडीतल्या आठ-दहा मशीनवाल्यांनी मिळून एकच कॅन ठेवला तर एका सीझनमध्ये तो सहज भरतो.

ऑगस्टमध्ये

मेमध्ये तेल बदलून, पंखा काढून, ग्रीस लावून ठेवलेल्या मशीनला ऑगस्टमध्ये फार काही लागत नाही. तरी होडीवर चढवण्याआधी खालच्या स्क्रूचे चार थेंब बघावेत, आणि पहिल्या आठवड्यानंतर पुन्हा एकदा. ऑगस्टचा समुद्र अजून शांत झालेला नसतो, लाट मोठी असते आणि खाडीच्या तोंडावर वाळूचे दांडे सरकलेले असतात. सील चुकीचा बसला असेल तर याच आठवड्यात कळते, आणि तेव्हा ते किनाऱ्यावर कळलेले बरे. मशीन चढवताना गिअरबॉक्सजवळ लावलेला झिंकचा तुकडाही बघून घ्यावा. तो अर्ध्याहून जास्त खाल्लेला असेल तर बदलावा, आणि त्याला रंग मात्र लावू नये.